डीपीचा षड्ज

आमच्या येलदरी गावाचा मूळ सूर पांढरी पाच आहे. हे मी गाण्यातला दर्दी म्हणून सांगत नाही. गाण्यातलं मला इतकंच कळतं, की पेटीवाल्यानं मान वर करून आपल्याकडं बघितलं की थांबावं. हे विजेचं गणित आहे. आपल्या देशात वीज सेकंदाला ५० आवर्तनं घेते. डीपीच्या, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरच्या, पोटात लोखंडी पत्र्यांचा गाभा असतो. तो दर आवर्तनात दोनदा, अगदी नकळत, ताणतो आणि आखडतो. म्हणजे सेकंदाला १०० वेळा. त्याची जी घूंऽऽ रानात ऐकू येते ती १०० हर्ट्झची. पेटीच्या खर्जातली पांढरी पाच ९८ हर्ट्झला लागते. म्हणजे आमची डीपी पांढरी पाचपेक्षा तसूभर चढी गाते. चढं गाणारे पुष्कळ नामवंत होऊन गेले आणि त्यापायी कुणाच्या बिदागीत कपात झाली नाही. तेव्हा एवढ्यावरून डीपीला कुणी नावं ठेवू नयेत.

शिवाय सुराची शिस्त बघा. वीज वापरणारे वाढले की आवर्तनं घटतात, सूर उतरतो. वापर कमी झाला की चढतो. तो ४९.९० आणि ५०.०५ च्या आतच राहावा असा नियम आहे, आणि तो राखायला माणसं रात्रंदिवस पडद्यापुढं डोळे ताणून बसलेली असतात. एवढी कडक अपेक्षा कुठल्याही घराण्यानं कुठल्याही शिष्याकडून केलेली नाही. आमच्या शिवारातली डीपी आणि कोल्हापुरातली डीपी एकाच वेळी एकाच पट्टीत गात असतात. फक्त आमच्या भागातले गवई मधूनच न सांगता उठून जातात, एवढंच.

आणि ह्या समूहगानात येलदरीचा स्वतःचा गळा आहे. परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर साठच्या दशकात बांधलेलं आमचं धरण. मातीचं, चार किलोमीटरहून लांब. त्याच्या पायथ्याशी वीजघर, आणि त्यात ७.५ मेगावॉटचे ३ संच. पाणी सुटलं की हे तिघं फिरायला लागतात आणि देशाच्या सुरात सूर मिसळतात. माझा भाचा एकदा बांधाकडं बघत हात पसरून म्हणाला, “मामा, आपल्या गावाला साडेबावीस मेगावॉटचा तानपुरा आहे!”

मी म्हणालो, “मग रात्री मोटर का चालंना?”

ह्या प्रश्नाला संगीतशास्त्रात उत्तर नाही.

वरचं सगळं ज्ञान त्या भाच्याचंच. पुण्यात इंजिनिअरिंग करून, मग ध्वनीचा कोर्स करून, मग काहीच न करून तो गावी आला. येताना दाढी आणली, एक फोन आणला आणि फक्त डाव्या कानात वाजणारा इअरफोन आणला. आल्यावर त्यानं जाहीर केलं की तो अल्बम काढणार आहे. आमच्याकडं अल्बम म्हणजे देवीची गाणी, भीमगीतं, नाहीतर लग्नात नाचायची. तिन्हींना बाजार आहे. त्यामुळं घरात आनंदच झाला. मामींनी तर, कोणती नटी घ्यायची, इथपर्यंत विचार नेला. तेव्हा त्यानं खुलासा केला की ह्यात गाणी नाहीत. वाद्यं नाहीत. ताल नाही. शब्द तर नाहीतच.

“मग काय आहे?” मामी म्हणाल्या.

“मी आहे.”

ह्यावर मामी आत गेल्या आणि कुकर लावला.

पुढं हळूहळू त्याचे नियम बाहेर यायला लागले. आवाज घ्यायचा तो येलदरीच्या शिवेच्या आतलाच. घ्यायचा फोनवरच. एकदा घेतला की पुन्हा घ्यायचा नाही. बिघडला तर बिघडलेला ठेवायचा. नंतर त्याला घोळसायचं नाही, गोड करायचं नाही. आणि रचनेला नाव द्यायचं नाही, कारण नाव दिलं की अर्थ चिकटतो, नुसते क्रमांक. मी विचारलं, पैशाची अडचण असेल तर सांग, परभणीहून चांगला माइक आणू. तो दुखावला. म्हणाला, “मामा, साधनं मिळंनात म्हणून नाही. मिळत असूनही घ्यायची नाहीत.” आमच्या घरात ‘आहे पण वापरायचं नाही’ हा नियम आजवर फक्त पाहुण्यांच्या कपबश्यांना होता. त्यात आता कलेची भर पडली.

मला वाटलं होतं हे पुण्याचं खूळ असेल. पण चौकशी केली तर खूळ चांगलं खानदानी निघालं. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आपल्याकडं म्हणतात. कशाच्या बळावर म्हणतात ते विचारू नये, अभिमानाला पुरावा मागितला की तो रुसतो. पण ह्या एका बाबतीत पुरावा आहे. कोलोन शहरातल्या रेडिओच्या स्टुडिओत कार्लहाइन्झ स्टॉकहाउझेन नावाच्या तरुण संगीतकारानं १९५३ साली ठरवलं, की रचना करायची तर फक्त साइन तरंगांची. म्हणजे ज्या आवाजाला रंग नाही, रूप नाही, नुसता सूर आहे, असा आवाज. व्हायोलिन नको, पियानो नको, बासरी नको. जगातल्या उत्तम वाद्यवृंदांच्या देशात बसून गड्यानं शिट्टीपेक्षा साधा आवाज निवडला आणि तो टेपवर तुकड्या-तुकड्यानं जोडत बसला. आता आमच्या वीजघरातून जो तरंग निघतो तो कोणता? साइन. जर्मनीनं तो ऐकायला लावला, आम्ही त्यावर ज्वारी भिजवली. माझ्या मते जर्मनी आणि परभणी दोघांचाही मान ह्यात राहतो.

ह्याच्याही पुढची गोष्ट अमेरिकेतली आहे. १९३५ साली आयडाहो राज्यातल्या बर्न नावाच्या चिमुकल्या गावात, लाकडी ओंडक्यांच्या घरात, ला माँट यंग नावाचं पोर जन्माला आलं. लहानपणचं त्याला काय आठवतं, तर फटीतून घोंगावणारा वारा आणि खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरची घूं. आपल्याकडं असल्या पोराला अंगारा लावला असता. तिकडं तो मोठा झाला आणि त्यानं तेच संगीत केलं. एकच सूर, किंवा दोन, तासन्‌तास. अमेरिकेत वीज ६० आवर्तनांची, तर न्यूयॉर्कमध्ये त्यानं आपल्या मंडळींचे सूर सरळ त्या विजेच्या घुंईला लावून घेतले. पण सुरात नुसतं राहायचं कसं हे शिकायला मात्र त्याला इकडं तोंड करावं लागलं. १९७० साली तो पंडित प्राणनाथांचा शागीर्द झाला. प्राणनाथ किराणा घराण्याचे. किराणा म्हटलं की मराठी माणसाला मिरज दिसतं, कारण अब्दुल करीम खाँसाहेब तिथं राहिले. आणि त्याच मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या भोपळे कोरून तानपुरे घडवणारे सतारमेकर आहेत. म्हणजे हिशोब असा: अमेरिकेतली डीपी, तिथून किराणा घराणं, तिथून मिरजेचा भोपळा. न्यूयॉर्कच्या चर्च स्ट्रीटवर यंगसाहेबांचं ‘ड्रीम हाउस’ आहे, १९९३ पासूनचं. लोक जिना चढून जातात, जोडे काढतात, गालिच्यावर बसतात आणि एक न बदलणारी घूं ऐकतात. आमच्याकडं ही सोय बांधावर आहे. गालिचा नाही, आणि जोडे काढू नयेत, काटे आहेत.

(जॉन केज आणि त्याच्या साडेचार मिनिटांच्या शांततेचा उल्लेख इथं सगळे करतात. लोडशेडिंगवर विनोद करायला ते फार सोयीचं पडतं. म्हणून मी करत नाही.)

भाच्याला मी म्हणालो, हे सगळे परदेशी. आपल्यात कुणी, असताना नाकारलंय का? नसताना चालवून घेणारे तर पावलोपावली. गोंधळ्याच्या हातातलं तुणतुणं बघा: एक पोकळ लाकडी नळकांडं नाहीतर डबा, बुडाला कातडं, एक काठी, एक खुंटी, एक तार. देवीच्या आराध्यांचं चौंडकं त्याहून अवघड. ते काखेत दाबून तार खेचावी तसा आवाज वरखाली होतो, ऐकताना वाटतं वाद्यच हुंदका गिळतंय. वारकऱ्याची एकतारी तर नावातच हिशोब सांगून मोकळी. ह्या मंडळींना कुणी प्रायोगिक म्हटलं नाही, कारण त्यांनी कार्यक्रमाआधी माहितीपत्रक वाटलं नाही. नुसती परडी पुढं केली.

पण माझ्या प्रश्नाचं खरं उत्तर सापडलं ते पुण्यात, १९३७ सालात. प्रभात फिल्म कंपनी तेव्हा भरात होती. आदल्याच साली ‘संत तुकाराम’ आला होता आणि त्याचं संगीत केशवराव भोळ्यांचं होतं. हाताशी स्टुडिओ, वादक, पैसा, नाव. अशा वेळी व्ही. शांताराम ‘कुंकू’ काढायला बसले आणि ठरवलं काय, तर पार्श्वसंगीत नाही. अजिबात नाही. पडद्यावर जे आहे त्याचाच आवाज: घड्याळाची टिकटिक, घरातल्या वस्तूंची खुडबूड, रस्त्यावरचा गलका. म्हाताऱ्या नवऱ्याच्या घरात अडकलेल्या पोरीची कथा. व्हायोलिनचा पूर सोडला असता तर थिएटर रडून मोकळं झालं असतं. त्यांनी तो सोडला नाही. आता विचार करा, संगीत दिग्दर्शकाला बोलावून सांगायचं की ह्या चित्रपटात संगीत कुठून आलं हे प्रेक्षकाला दिसल्याशिवाय ते द्यायचं नाही! दुसरा असता तर मानधनाचा विषय काढून उठला असता. भोळ्यांनी त्या जाचातून ‘कुंकू’ पार केला. आज काही मालिकांत सून नुसती वळून बघते तरी तीन वेळा वीज कडाडते; त्या लोकांनी वर्षातून एकदा तरी ‘कुंकू’ बघावा, शिक्षा म्हणून का होईना.

भाच्याला हे उदाहरण आवडलं. म्हणाला, “बघा मामा, मी परंपरेतलाच आहे.” आणि फोन काठीला बांधून धरणाकडं निघाला.

येलदरीत काठीला फोन बांधून फिरणाऱ्या माणसाला एकांत मिळत नाही, हे त्याला पुण्यात कुणी शिकवलं नव्हतं. पहिल्याच वळणावर एक गडी आडवा आला. “ई-पीक पाहणी करायलास का? माझं सोयाबीन बी घे त्यात.” दुसऱ्यानं पंचनाम्याचा माणूस समजून थेट वाहून गेलेल्या बांधाकडं ओढत नेलं. तिसऱ्यानं विचारलं, “जिंतूरला रेल्वे यायलीय का? त्याचाच सर्व्हे का?” एका म्हातारबाबांनी कसलीच चौकशी केली नाही, नुसतं आधार कार्ड काढून पुढं धरलं. ही सगळी संभाषणं, एकदा घेतलेलं पुन्हा घ्यायचं नाही ह्या नियमामुळं, रचना क्रमांक १ मध्ये आली. त्यात डीपीची घूं मधून मधून आहे, पण मुख्य सूर नुकसानभरपाईचा आहे.

क्रमांक २ बांधावर वारा टिपायला गेला होता. तिथं दूरच्या वस्तीवरून लग्नाची वरात आली. डीजेचा ठोका असा, की वाऱ्यानंच माघार घेतली. भाचा म्हणाला, हे माझ्या संगीताविरुद्ध बाजारू संगीताचं आक्रमण आहे आणि ते असंच नोंदलं गेलं पाहिजे. मी म्हणालो, नवरदेव आपल्या भावकीतला आहे, जेवून येऊ.

दरवाजांची रचना त्याला फार मनापासून करायची होती. धरणाला दहा दरवाजे. पावसाळ्याच्या शेवटी पाणी वर आलं की भोंगा होतो, नदीकाठच्या गावांना सावधगिरीचा इशारा जातो, दरवाजे उचलतात आणि पूर्णेचं पाणी खाली सिद्धेश्वरकडं निघतं. हा आवाज ऐकायला जिंतूरची आणि पार परभणीची माणसं गाड्या काढून येतात. खरं तर ऐकायला नाही, सेल्फी काढायला येतात. ऐकू तो आपोआप येतो. भाच्यानं फोन लावला आणि डोळे मिटले. अख्ख्या रचनेत पाण्याच्या गर्जनेवर एक बाई ठळक ऐकू येते: “पिंट्या, मागं हो. पिंट्या, मागं हो. पिंट्या!” पाणी चार दिशांनी कोसळतंय आणि ही एकाच पट्टीत, एकाच अंतरानं, पिंट्याला मागं घेतेय. मला स्वतःला अल्बममधला हा भाग सर्वांत भारी वाटतो. भाचा म्हणतो की ती बाई योगायोग आहे. मी म्हणतो, ती बाई स्थायी आहे, पाणी अंतरा आहे.

बाकीच्या रचना विहिरींवरच्या मोटरींच्या. असा अल्बम झाला. आता ऐकवायचा कुणाला? पुण्याच्या मित्रांनी मेसेज पाठवले होते, अंगठ्यांचे आणि ज्वाळांचे. त्यातल्या एकानं ‘खूपच खोल’ असं लिहिलं, पण ते अल्बम पोचायच्या आधी आलं होतं. मी सुचवलं, आपल्या वायंडिंगवाल्या भाईंना ऐकव. जळालेल्या मोटरी बांधण्यात त्यांचं आयुष्य गेलंय. दुकानात तांब्याच्या तारेच्या रिळी, वार्निशचा वास आणि भिंतीला टेकलेल्या मुक्या मोटरी. भाईंनी हातातलं काम बाजूला ठेवलं, डाव्या कानात तो इअरफोन घातला आणि डोळे मिटले. पहिल्या रचनेपासून शेवटच्या रचनेपर्यंत त्यांनी डोळे उघडले नाहीत. चहा आला, गार झाला. गिऱ्हाईक आलं, त्याला हातानंच बस म्हणाले. असा श्रोता सवाई गंधर्वच्या मांडवातही विरळाच. तिथं निदान बटाटेवड्यासाठी तरी उठतात.

मग इअरफोन काढून भाई बोलायला लागले. “ते जे तीन एचपीचं गाणं हाय ना, त्याचं बेअरिंग गेलंय. कुणाची मोटर हाय ती? त्याला सांग, आठ दिवसांत जाम होईल. पाच एचपीच्या गाण्यात फुटव्हॉल्व्ह हवा धरायलाय. सुरुवातीला चांगली उचलते, मग गुळगुळ करते, ऐकलास का? आन् सहा नंबरचं तर बंदच कर. ती मोटर दोन फेजवर चालायलीय. जळंल ती.”

भाच्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच्या आयुष्यात कुणी त्याचं काही इतकं मन लावून ऐकलं नव्हतं. पुण्यातल्यांनी त्या घुंईत शून्यता ऐकली असती, विरक्ती ऐकली असती, कदाचित भांडवलशाहीचा निषेधही ऐकला असता. बेअरिंग कुणीही ऐकलं नसतं. आणि बेअरिंग त्यात होतं. दुसऱ्याच दिवशी त्या मोटरीचा मालक भाईंच्या दुकानात ती घेऊन आला. अल्बमची ती पहिली व्यावसायिक फलश्रुती.

इथं मला जे म्हणायचंय ते म्हणून टाकतो. घूं ऐकायची कला आमच्याकडं फार आहे, फक्त तिला कला म्हणायची सवय नाही. रब्बीत रात्रीची लाइट असते. गडी हरभऱ्याच्या कडेला बाजेवर पडलेला असतो, कानटोपीत. डोळे मिटलेले, पण कान विहिरीवर. मोटरीचा आवाज जरा चढला की तो उठतो: पाणी तुटलं. जड झाला की उठतो: फेज गेलं. स्टार्टर खडखडायला लागला की व्होल्टेज पडलं. आवाज साफ थांबला की मात्र उठत नाही, कूस बदलतो, कारण लाइट गेली आणि आता ती यायची तेव्हा येईल. एका सुरातले एवढे बारकावे, आणि तेही अर्धवट झोपेत. यंगसाहेबांना आयुष्यभर असेच श्रोते हवे असणार. त्यांना मिळाले ते तिकडचे समीक्षक.

पण भाई तिथंच थांबले नाहीत. गार झालेला चहा एका घोटात संपवून म्हणाले, “हे सगळं मोटरीचं झालं. तुझं काय हाय ह्याच्यात?”

भाचा म्हणाला, “निवड माझी आहे.”

“ते खरं. पर कुणाची मोटर ते मला पहिल्या फटक्यात कळलं. कुणाचं गाणं ते कळंना.”

ह्या वाक्यानं भाचा घरी येऊन उताणा पडला. त्याच्या नियमांनी महागाचं, गुळगुळीत, दुसऱ्याचं सगळं बाहेर ठेवलं होतं, आणि त्या भरात तो स्वतःही बाहेर राहिला होता. साधनं कमी केली की माणूस आपोआप उरतो, असा त्याचा समज. तसं होतंच असं नाही. कधी कधी नुसती डीपी उरते.

त्या रात्री मी त्याला ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे ऐकवल्या. ताडकळस आपल्याच जिल्ह्यातलं, पूर्णा तालुक्यातलं. हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ ह्या दोघांनी गावोगाव हिंडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, लाखाच्या वर. पुढं तो खजिना पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियानं लोकांसाठी खुला केला. राईरकर-पॉयतवाँ ह्यांच्या बरोबरीनं काम करणाऱ्या बर्नार्ड बेल ह्यांनी १९९६ साली ताडकळसला गंगूबाईंचा आवाज टिपला. सीतेच्या वनवासाच्या ओव्या. वाद्य नाही, साथ नाही, टाळीसुद्धा नाही. म्हणायला सगळी सीतेची कथा, पण सीता त्यात नावापुरती. वनवास गंगूबाईंचा स्वतःचा आहे, हे ऐकणाऱ्याला सांगावं लागत नाही. त्यांनी कुठलाही नियम केलेला नव्हता. घरच्यांपासून तुटलेल्या बाईजवळ होतं तेवढं सगळं त्यांनी त्या सुरात घातलं, काही मागं ठेवलं नाही.

आणि ओवीलाही घूं होतीच की. जात्याची. पहाटेच्या अंधारात दगडावर दगड फिरायचा, त्याची संथ घरघर एका सुरात चालायची, आणि तिच्या आडोशानं बाई सासूला, नवऱ्याला, दैवाला, विठ्ठलाला जे दिवसा बोलता येत नाही ते सगळं बोलून घ्यायची. मग गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या, त्यांना तीन फेजच्या मोटरी बसल्या, आणि बायकांचे हात सुटले. फार चांगलं झालं. दळणाचे कष्ट ज्यांनी केले नाहीत त्यांनीच जात्यासाठी गळे काढावेत. पण ज्या विजेच्या सुराचं मी सुरुवातीपासून कौतुक करतोय, तिनंच ती घरघर बंद केली, हेही खरं. बाईचा सूर गेला आणि डीपीचा आला. डीपीच्या आडोशानं अजून कुणी काही बोलायला लागलेलं नाही.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग त्यानं फोन उचलला आणि नियमांपैकी फक्त एक मोडला: क्रमांकाऐवजी नाव दिलं, ‘लाइटची वाट’. रात्री आमच्या हरभऱ्यात जाऊन बसला. रचनेत आधी डीपीची घूं आहे. मग कुणीतरी तिच्याबरोबर हलकेच गुणगुणायला लागतं. हा गळा आमच्या भाच्याचा. गळा आमच्या घराण्याचाच, त्यामुळं त्याविषयी जास्त बोलत नाही. तो डीपीच्या जरा खाली गातो, पुन्हा वर येतो, तिला गाठतो, सुटतो. मधेच पुण्यातल्या कुठल्याशा पोरीचं नाव दोनदा येतं, जे मामींना अजून माहीत नाही आणि हा लेख छापून आला तरच कळेल. मग खट् होतं. लाइट जाते. घूं थांबते. हा मात्र थांबत नाही. अंधारात, काही आधार नसताना, तोच सूर धरून गुणगुणत राहतो. बराच वेळ. मग मच्छर चावल्याचा आवाज आहे, आणि एक शिवी.

भाईंना ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि इअरफोन परत दिला. “ही चालती,” म्हणाले. “हिला काय करू नको.”

तर वाचकहो, ह्या संगीताचा आस्वाद घ्यायचा असेल तर क्रम मी सांगतो तो ठेवा. आधी गंगूबाई अंबोऱ्यांच्या ओव्या ऐका, इंटरनेटवर फुकट आहेत. मग ‘कुंकू’ बघा. स्टॉकहाउझेन जमला तर ऐका, नाही जमला तर परभणीचा मान तेवढ्यानं कमी होत नाही. मग रब्बीत येलदरीला या. जिंतूरहून गाडी मिळते, भाचा फुकट ऐकवतो आणि मामी जेवल्याशिवाय सोडत नाहीत. त्यांच्यापुढं त्या पोरीचं नाव काढू नका, आणि सूर कितीही मनात भरला तरी डीपीला हात लावू नका.